प्रसिद्ध माणूस पळाला की प्रत्यार्पण नेमकं कुठे अडतं? (पोलान्स्की, आणि आपले फरारी)

पानगळ

चित्रपट दिग्दर्शक रोमन पोलान्स्की हा विषय निघाला की चर्चा दर वेळी ‘कलाकार वेगळा, माणूस वेगळा’ या रुळावर जाते. या धाग्यात ते नको, सिनेमेही नकोत. मला कायद्याच्या अंगाने विचारायचं आहे.

घटनाक्रम असा. मार्च १९७७, लॉस एंजेलिस. १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सहा आरोप ठेवले. ऑगस्टमध्ये सरकारी पक्षाशी तडजोड झाली. त्यात अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंधांचा एक गुन्हा त्यांनी कबूल केला. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश लॉरेन्स रिटनबँड यांनी त्यांना मानसिक तपासणीसाठी ९० दिवस चिनोच्या तुरुंगात पाठवलं, पण तुरुंगाने ४२ दिवसांतच सोडलं. न्यायाधीश पुन्हा आत पाठवणार अशी कुणकुण लागताच, शिक्षेच्या तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३१ जानेवारी १९७८ च्या सुमारास, ते लंडनमार्गे पॅरिसला गेले ते गेलेच. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये झुरिकला अटक आणि जुलै २०१० मध्ये सुटका. पोलंडमध्येही २०१५ ला न्यायालयाने प्रत्यार्पण (मागणाऱ्या देशाच्या हवाली करणं) नाकारलं.

गुन्हा कबूल आहे, खटला उभा आहे, माणूस कुठे आहे हे जगाला ठाऊक आहे. तरी तीन देशांतून त्याला आणता आलं नाही. हे प्रसिद्धीमुळे घडलं, की कायदाच तसा आहे? आणि प्रसिद्धीमुळे घडलं असेल, तर ती नेमकी कुठल्या टप्प्यावर कामाला आली?

---

कलम चौतीस

धागा आवडला. तीन देशांची कारणं तीन वेगळी आहेत. ती एकत्र कालवली की ‘मोठ्या माणसाला सोडलं’ एवढंच हाती लागतं.

फ्रान्सचं सगळ्यात सोपं. पोलान्स्कींचा जन्म पॅरिसचा, नागरिकत्व फ्रेंच. फ्रान्स स्वतःच्या नागरिकाला अमेरिकेच्या हवाली करत नाही. त्यांच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच तशी मनाई आहे आणि ती पॅरिसमधल्या पाववाल्यालाही तेवढीच लागू आहे. इथे प्रसिद्धीचा प्रश्नच येत नाही, पासपोर्टचा येतो.

खरी गंमत स्वित्झर्लंडची. २६ सप्टेंबर २००९ ला ते झुरिकच्या चित्रपट महोत्सवात सत्कार घ्यायला उतरले आणि विमानतळावरच पकडले गेले. अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधला १९९० चा करार काय म्हणतो ते बघा. खटल्यासाठी माणूस हवा असेल, तर गुन्ह्याला दोन्ही देशांत एक वर्षाहून जास्त कैद असली पाहिजे. शिक्षा भोगायला हवा असेल, तर किमान सहा महिने शिक्षा शिल्लक असली पाहिजे.

घोडं इथेच पेंड खातं. बचाव असा होता की रिटनबँड यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना सांगितलं होतं, चिनोमधली तपासणी हीच काय ती शिक्षा. तसं असेल तर ४२ दिवसांत ती भोगून झाली. फार ताणलं तरी ९० वजा ४२, म्हणजे ४८ दिवस उरतात. सहा महिन्यांच्या अटीत मागणी बसतच नाही. हे खरं की खोटं, हे सांगू शकणारा माणूस म्हणजे तेव्हाचे सरकारी वकील रॉजर गन्सन. त्यांची साक्ष २०१० च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये नोंदवून मोहोरबंद ठेवली होती. स्विस न्याय खात्याने तो जबाब मागितला, अमेरिकेने गोपनीयतेचं कारण देऊन नाकारला. १२ जुलै २०१० ला न्यायमंत्री एव्हलिन विडमर-श्लुम्फ यांनी जाहीर केलं की शिक्षा शिल्लक आहे की नाही ही शंका फिटत नाही, म्हणून प्रत्यार्पण नाही. जोडीला दुसरं कारण होतं. हा माणूस वर्षानुवर्षं स्वित्झर्लंडमध्ये राजरोस येत होता, २००६ पासून तिथे त्याचं घर होतं आणि कोणी हटकलं नव्हतं. मग अचानक पकडणं सद्भावनेच्या तत्त्वात बसत नाही.

तो जबाब शेवटी २०२२ ला खुला झाला. गन्सन यांनी बचावाचं म्हणणं बऱ्यापैकी खरं ठरवलेलं दिसतं. म्हणजे बारा वर्षं जो कागद दडवला, त्यातच मागणीचा कमकुवत दुवा होता.

पोलंडमध्ये क्राकोवचे न्यायाधीश दारिउश माझुर यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये नकार दिला. कारण दिलं की कॅलिफोर्नियात निष्पक्ष सुनावणीची खात्री नाही. पुढच्या सरकारचे न्यायमंत्री झ्बिग्निएव झिओब्रो यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली गेली. तिथे तर सरकारच त्यांना पाठवायला उत्सुक होतं.

माझं मत: प्रत्यार्पणाच्या कुठल्याही करारात ‘आरोपी नामवंत असल्यास’ असं कलम नाही, आणि असूही नये. पण कराराच्या अटी नामवंतालाही लागू होतात. ती सवलत नव्हे.

---

खडूस

कलम चौतीस, कागदावर सगळं बरोबर. पण तुम्ही प्रसिद्धीला फार स्वस्तात सोडलंत. तिच्यासाठी कलम लागत नाही. ती प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी काम करते.

अटक झाल्याबरोबर फ्रेंच सांस्कृतिक मंत्री फ्रेडरिक मित्तराँ आणि परराष्ट्र मंत्री बर्नार कुश्नेर जाहीरपणे त्यांच्या बाजूने बोलले. शंभरावर चित्रपटवाल्यांनी सुटकेच्या मागणीवर सह्या केल्या. त्यात मार्टिन स्कॉर्सेसी, डेव्हिड लिंच, पेद्रो आल्मोदोवार ही नावं होती. त्या पत्रकातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे: महोत्सव ही जणू कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारी जागा, तिथे कलाकाराला निर्धास्त येता आलं पाहिजे. हे कुठल्या कायद्यात आहे? अशी मोकळीक १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूतांना आणि दूतावासांना दिली आहे. लाल गालिचा अंथरला म्हणून झुरिकचं सभागृह दूतावास होत नाही.

मग जामीन. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्यार्पणाच्या कामात जामीन मिळणं हेच दुर्मीळ, कारण समोरचा एकदा पळालेला असतो. इथे ४५ लाख स्विस फ्रँक भरले, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधला, आणि श्टाडच्या स्वतःच्या बंगल्यात नजरकैद. पट्टा कोणालाही बांधता येतो हो, पण ४५ लाख फ्रँक आणि आल्प्समधला बंगला कोणाकडे असतो?

शिवाय ज्या सद्भावनेचा तुम्ही उल्लेख केलात, ती कशी तयार झाली? तीस वर्षं उजळ माथ्याने हिंडता आलं, पुरस्कार घेता आले, म्हणून ‘इतकी वर्षं कोणी पकडलं नाही’ असं म्हणता आलं. नाव बदलून कुठे हॉटेलात भांडी घासणाऱ्या फरारीला हा मुद्दा मिळेल का? त्याच्या बाबतीत उलट म्हणतील, लपून राहिला म्हणजे अपराधी मन. लपण्याचा तोटा आणि मिरवण्याचा फायदा, असा उफराटा हिशोब झाला हा.

शेवटचा निर्णय मंत्र्याचा असतो, हेही विसरू नका. न्यायालयात दबाव फारसा चालत नाही, मंत्र्याच्या टेबलावर चालू शकतो. विडमर-श्लुम्फ दबावाला बळी पडल्या असा माझा दावा नाही. पण ज्या टप्प्यावर विवेकाधिकार आहे, तिथेच सह्यांची मोहीम पोहोचवायची असते, हे मोहीमवाल्यांना बरोबर कळतं.

---

पानगळ

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न.

त्या मुलीने मोठी झाल्यावर खटला संपवा अशी विनंती न्यायालयाला केली होती, अगदी २०१७ मध्येही. न्यायाधीशांनी ती मानली नाही. ती मानायला नको होती का?

आणि आपल्याकडून परदेशी मागण्या जातात त्यांचं काय होतं? मल्ल्या, नीरव मोदी वगैरे. तिथे नाव मोठं असण्याचा फायदा होतो की तोटा?

---

कलम चौतीस

पहिल्याचं उत्तर देतो. फौजदारी खटल्यात फिर्यादी राज्य असतं. पीडितेचं म्हणणं शिक्षा किती द्यायची हे ठरवताना जरूर धरावं, पण त्यासाठी शिक्षेची सुनावणी तर व्हायला हवी. ती होत नाही, कारण आरोपी हजर नाही. अमेरिकेत फरारीच्या अर्जाबाबत ठरलेला दंडक आहे: कोर्टाचा हुकूम मोडून पळालेल्याला त्याच कोर्टाकडे दाद मागता येत नाही, आधी हजर व्हा. त्या मुलीला या कोंडीतून सुटका हवी होती, आणि तिचा त्रागा मला पूर्ण समजतो. तिला चार दशकं अडकवून ठेवण्यात पळालेल्या माणसाचा वाटा मोठा आहे. न्यायाधीशाचाही आहे.

एक वाट होती. डिसेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला, पण गैरहजेरीत शिक्षा सुनावण्याचा पर्याय सुचवला. तो अर्ज जानेवारी २०१० ला खालच्या न्यायालयाने फेटाळला. तेव्हाच आकडा ठरला असता, तर सहा महिन्यांचा घोळ एकतर मिटला असता किंवा मागणीच संपली असती.

---

दप्तरदार

दुसऱ्या उपप्रश्नावर. आपल्याकडचं घोडं बहुतेक वेळा दिल्लीतच अडखळतं, लंडनची पाळी नंतर येते.

रस्ता असा: तपास यंत्रणा, गृह मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, आपला दूतावास, तिकडचं परराष्ट्र खातं, आणि मग त्यांचं न्यायालय. राज्य पोलिसांचा गुन्हा असेल तर आधी राज्याचा गृह विभाग. गठ्ठ्यात काय लागतं? तपास अधिकाऱ्याचं दंडाधिकाऱ्यापुढे केलेलं प्रतिज्ञापत्र, आणि ते स्वयंपूर्ण हवं, म्हणजे दुसरा कागद न उघडता खटला समजला पाहिजे. एफआयआर आणि आरोपपत्राच्या प्रमाणित प्रती. लावलेल्या कलमांचा शिक्षेसकट पूर्ण मजकूर. अजामीनपात्र वॉरंट. हा माणूस आम्हाला का हवा हे सांगणारा दंडाधिकाऱ्याचा कारणांसह आदेश. ओळख पटवायला छायाचित्र, बोटांचे ठसे, पासपोर्टचा तपशील. आणि लागेल तिथे त्यांच्या भाषेत भाषांतर.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, इंटरपोलच्या रेड कॉर्नर नोटिशीलाच वॉरंट समजणं. ती फक्त सूचना आहे. तिच्यावरून अटक करायची की नाही हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो, आणि इंटरपोल ती मागेही घेतं. मेहुल चोक्सीवरची २०२२ मध्ये मागे घेतली, तरी एप्रिल २०२५ ला बेल्जियमने त्याला भारताच्या मागणीवरून पकडलंच. दुसरी चूक, घाईने तात्पुरती अटक मागणं. अमेरिकेशी झालेल्या १९९७ च्या करारानुसार अटकेनंतर ६० दिवसांत पूर्ण मागणी पोहोचली नाही तर माणूस सुटू शकतो. गठ्ठा तयार नसताना अटक मागू नये ती यासाठी. तिसरी, साक्षीदारांचे जबाब. पोलिसांपुढच्या जबाबावर आपल्याकडे सही नसते. चार जबाबांत तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट आलं, की बचावाच्या वकिलाला दिवसभराचं काम मिळतं.

ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यात भारत दुसऱ्या गटात आहे आणि आपल्याला सकृतदर्शनी पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेला तो द्यावा लागत नाही. हे लोकांना माहीत नसतं, आणि मग ‘आपल्यालाच का अडवतात’ असं वाटतं.

आता नाव मोठं असल्याचं. मल्ल्या प्रकरणात न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी १० डिसेंबर २०१८ च्या निकालात जे लिहिलं ते मजेशीर आहे: या झगमगाटाने बँकवाल्यांचीच अक्कल हरपली असावी अशी शक्यता त्यांनी बोलून दाखवली. प्रसिद्धी ढाल झाली नाही, उलट कर्ज कसं मिळालं याचं स्पष्टीकरण झाली. पण सगळा कीस पडला तो तुरुंगावर. आर्थर रोडची बारा नंबरची बराक, खिडकी किती, उजेड किती, संडास कुठे, हे दाखवायला चित्रफीत द्यावी लागली. नीरव मोदीसाठी तीच बराक, आणि दर माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळ्या जागेची लेखी हमी.

हा तीनचा आकडा युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाच्या निकालांतून आला आहे. जागा त्याखाली गेली, की अमानुष वागणुकीचं गृहीतक उभं राहतं आणि ते खोडण्याची जबाबदारी मागणाऱ्या देशावर येते. वकिली भाषेत हमी म्हणजे ‘आम्ही काळजी घेऊ’ नव्हे. कोणती बराक, किती माणसं, डॉक्टर किती वेळाने, आणि हे पाळलं जातंय का ते कोण बघणार, असं लिहावं लागतं. क्रिकेट सट्टेबाजीतला संजीव चावला, नाव मोदी-मल्ल्यांइतकं मोठं नव्हे. २०१७ ला तिहारच्या अवस्थेवरून ब्रिटिश न्यायाधीशाने नकार दिला. भारताने नव्याने तपशीलवार हमी दिल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये तो दिल्लीत उतरला. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रदलाल संजय भंडारीच्या बाबतीत त्याच तिहारवरून लंडनच्या उच्च न्यायालयाने आपली मागणी नाकारली.

---

खडूस

दप्तरदार, छान. पण मल्ल्याचं पुढचंही सांगा ना. एप्रिल २०२० ला अपील फेटाळलं, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात जायची परवानगी नाकारली, आणि त्यानंतर ‘गोपनीय कायदेशीर मुद्दा’ म्हणून गाडी थांबली. सामान्य माणूस वकिलाची फी भरण्यातच दमला असता. म्हणून म्हणतो, प्रसिद्धीचा फायदा निकालात नाही, वेळेत आहे. न्यायालयं बहुतेक वेळा ठाम राहतात. पण प्रत्येक पायरीवर वर्ष-दीड वर्ष विकत घेता येतं, आणि वय वाढलं की तब्येतीचा मुद्दा आपोआप तयार होतो. ब्रिटनच्या कायद्याचं ९१ वं कलम याच कामाचं आहे: शारीरिक वा मानसिक प्रकृतीमुळे पाठवणं जुलमी ठरत असेल तर नाही. नीरव मोदीने आत्महत्येच्या धोक्याचा मुद्दा मांडला, नोव्हेंबर २०२२ ला उच्च न्यायालयाने तो नाकारला. कलम योग्यच आहे, पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे दोन-तीन अहवाल लागतात, आणि ते फुकट मिळत नाहीत.

---

कलम चौतीस

वेळेचा मुद्दा मान्य. तेवढ्यापुरतं माझं आधीचं ‘ती सवलत नव्हे’ मागे घेतो.

पण एक उलटं उदाहरण मुंबईचंच आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत गुलशन कुमार यांची हत्या झाली. त्यात आरोप झालेले संगीतकार नदीम सैफी ब्रिटनमध्ये होते. खालच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला, पण डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते रोखलं. गुन्ह्यात सहभागी असलेल्या एका साक्षीदाराच्या ज्या जबाबावर मागणी उभी होती तो त्याने फिरवला होता, आणि आरोप सद्हेतूने केलेला दिसत नाही असं न्यायालय म्हणालं. तेव्हा इथे ‘गाण्यांमुळे सुटले’ अशी भाषा झाली होती. निकाल वाचला तर त्यात गाणी कुठेच नाहीत, आपला पुरावा आहे. आरोप सिद्ध झालेला नाही हे इथे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. नामवंत म्हणून कोणी सुटू नये हे जितकं खरं, तितकंच नामवंत आहे म्हणून लंगड्या कागदावर पाठवला जाऊ नये हेही.

आणि एकदा माणूस आणला, की दिलेला शब्द पाळावा लागतो. अबू सालेमच्या वेळी पोर्तुगालला फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही अशी हमी दिली होती. शिवाय ज्या गुन्ह्यांसाठी मागितला त्यांखेरीज इतर आरोप लावायचे नाहीत, हा प्रत्यार्पणाचा सर्वमान्य नियम. आपण जास्तीचे आरोप लावले, म्हणून २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द केली. जुलै २०२२ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षांची हमी सरकारला पाळावीच लागेल. युरोपातला पुढचा न्यायाधीश आपल्या हमीवर विश्वास ठेवायचा की नाही हे सालेमच्या फाइलवरून ठरवतो.

---

पानगळ

नागरिक म्हणून अडलं तर त्याच देशात खटला चालवता येतो, असं ऐकलं होतं. फ्रान्सने पोलान्स्कींवर का नाही चालवला?

---

दप्तरदार

येतो. फ्रेंच दंडसंहितेत परदेशात गुन्हा केलेल्या फ्रेंच नागरिकावर खटल्याची तरतूद आहे. आपल्याकडेही परदेशातल्या गुन्ह्यासाठी भारतीय नागरिकावर इथे खटला चालतो, त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ खाली केंद्राची मंजुरी लागते. शिवाय १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात कलम ३४ए आहे: मागितलेला माणूस देता येत नसेल तर इथेच चालवा.

अडचण अशी की त्यासाठी मागणाऱ्या देशाने पुरावा आणि साक्षीदार सोपवावे लागतात, आणि एकदा तिकडे निकाल लागला की तो स्वीकारावा लागतो. एक कबुली आधीच नोंदलेली असताना कॅलिफोर्नियाचा कुठला सरकारी वकील ती पॅरिसच्या हवाली करेल? शिक्षा आमच्याकडेच व्हावी हा हट्ट सोडायची तयारी असेल तरच ही वाट उघडते.

आपल्याकडे आता तिसरीही वाट आहे. नव्या संहितेच्या कलम ३५६ नुसार घोषित फरारी आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो: निदान ३० दिवसांच्या अंतराने दोन वॉरंट, वृत्तपत्रात नोटीस, आरोप ठेवल्यापासून ९० दिवसांची वाट, आणि त्याच्यासाठी सरकारी खर्चाने वकील. अवांतर: ब्रिटनचा कायदा गैरहजेरीत दोषी ठरलेल्याबद्दल आधी विचारतो की तो मुद्दाम गैरहजर राहिला होता का, आणि तसं नसेल तर परत आल्यावर त्याला पूर्ण फेरखटला मिळणार का. आपल्या कलमात त्याचं नेमकं उत्तर नसेल, तर इथे मिळवलेली शिक्षाच तिकडे प्रत्यार्पणाच्या आड येऊ शकेल.

---

खडूस

म्हणजे मल्ल्याचा वकील आत्ता हेच कलम वाचत बसला असणार.